बेलग्रेडची मिटिंग
"मिटिंगला जायचं नाही म्हणजे नाही," विश्वासरावांनी तिसऱ्यांदा मेसेज टाकला. ऋताचं उत्तर येईना.

लेक बेलग्रेडला शिकत होती. तिकडे मिटिंग म्हणजे मोर्चा, हे तिनंच पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. शब्द इंग्रजांचा, पण त्या लोकांनी त्याला खुर्चीवरून उठवून रस्त्यावर आणला होता. आज विद्यार्थ्यांची मोठी मिटिंग होती. पोलिसांनी पोरीला उचललं तर व्हिसा गेलाच, या धास्तीनं विश्वासरावांना जेवणही गेलं नव्हतं.

बँकेत तेहतीस वर्षं काढलेला हा माणूस संपाच्या दिवशीही मागच्या दारानं कामावर जायचा. कालच शेजारचे मिश्राजी आले होते. वृंदावन योजना या वसाहतीतल्या दोघांच्याही सेक्टरचं पार्क मोडून पार्किंग होणार होतं, म्हणून आज धरणं होतं. विश्वासरावांनी दारातूनच हात जोडले. "हमारे घर से कोई नहीं आएगा, भाईसाहब."

कांचनताई मात्र निवांत होत्या. त्यांना आलमबागला हळदीकुंकवाला जायचं होतं. काठाची साडी, काखेत सतरंजी, पायात कॅनव्हासचे बूट.

"साडीवर बूट?"

"थंडी किती आहे हो! आणि तिथे फरशीवरच बसवतात."

"लेकीची काही काळजी?"

"नाही जायची ती. माझं बोलणं झालंय." आणि त्या गेल्यासुद्धा.

पाचला व्हिडिओ कॉल आला. इथल्या हिंदी मुलखात वाढलेली ऋता रजईत बसून नूडल्स खात होती.

"बाबा, घर पे ही हूँ. ये देखो." तिनं फोन फिरवला. पलंग, खिडकी, वाळत घातलेले मोजे.

विश्वासरावांना इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. "शहाणी माझी बाई ती!"

"आई कुठेय?"

"हळदीकुंकवाला."

"अच्छा," ऋता हसली. "आएँ तो गरम पानी पिला देना."

सातला कांचनताई आल्या. विश्वासरावांनी चहा टाकलेलाच होता.

"ऋता घरीच आहे बरं का! गेलीच नाही!"

कांचनताईंच्या बुटांना चिखल होता. हातात वाण नव्हतं, कपाळाला हळदीचं बोट नव्हतं.

"असणारच," सतरंजी झटकत त्या म्हणाल्या. घसा पार बसला होता. "मीच म्हटलं तिला, आज तू थांब. आपल्या घरातून मिटिंगला एकीनं गेलं तरी पुरे."