डाव्या बाजूचा स्विच

मडगार्डला भोक पाडायचं नाही, असं घड्याळवाल्या काकांनी तिसऱ्यांदा बजावलं, तेव्हा इलेक्ट्रिशियनने ड्रिल खाली ठेवलं. मग दिवे काय हवेत लटकवू का, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ही पासष्ट वर्षांची गाडी काकांनी तळहाताच्या फोडासारखी जपलेली. तिला नवा हॉर्न सुचवणाऱ्या एका मेकॅनिकशी ते अजून बोलत नव्हते. त्यांनीच आपल्या पायांनी येऊन इंडिकेटर बसवून मागावेत, हेच मुळात नवल होतं.

शेवटी त्याने लोखंडी पट्ट्या वाकवून पुढच्या-मागच्या बंपरला कसल्या आणि त्यांवर चार पिवळे दिवे बसवले. काकांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. डोळ्याला भिंग तेवढं लावलं नाही.

काकू गॅरेजच्या दारातल्या बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. गाडीला कंपनीतूनच इंडिकेटर नव्हते. उजवीकडे वळायचं असलं की काका खिडकीतून उजवा हात काढत, आणि डावीकडे वळायचं असलं की शेजारी बसलेल्या काकू डावा. लग्न झाल्यापासून डावं वळण हे काकूंचं खातं. गेल्या आठवड्यात मात्र बँकेच्या चौकात त्यांचा हात उशिरा निघाला, आणि निघाला तोही कोपरापर्यंतच. मागच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. काका तेव्हा काही बोलले नाहीत, घरी येऊनही नाहीत. आणि आज सकाळी चहा संपताच म्हणाले, चल, इंडिकेटर बसवून येऊ.

"बसव बाबा," काकू इलेक्ट्रिशियनला म्हणाल्या. "दिवे बरे. ते उशीर करत नाहीत. आता मी आपली घरीच थांबत जाईन."

इलेक्ट्रिशियनने वायर जोडायला घेतली. काका वायरीकडे बघत राहिले.

दिवे लावून बघितले. उजवे लुकलुकले, मग डावे. डावे लागले तेव्हा काकूंनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

आता स्विच तेवढा राहिला होता. तो स्टिअरिंगच्या खाली नुसत्या क्लिपने बसवतो, भोकाची गरजच नाही, असं इलेक्ट्रिशियन मोठ्या उत्साहाने सांगत होता. काकांनी ऐकून घेतलं आणि काकूंना मिनिटभर गाडीत येऊन बसायला सांगितलं. आता आणखी काय, असं पुटपुटत काकू उठल्या, आपल्या नेहमीच्या जागेवर बसल्या. दार त्यांच्या डाव्या हाताशी होतं, पण ते ओढून घ्यायला त्यांनी उजवा हात अंगावरून वळवून नेला. काका ते बघत होते.

"हात पुढे कर," ते म्हणाले. "डावा नको, उजवा. ताणू नकोस. सहज टेकव."

काकूंची बोटं लाकडी डॅशबोर्डवर जिथे टेकली, तिथे काकांनी खिशातली पेन्सिल काढून बारीक ठिपका दिला.

"इथे भोक पाड."

इलेक्ट्रिशियन त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. ते लाकूड मूळचं होतं, त्याला काका पॉलिशसुद्धा स्वतःच्या हाताने करत. "काका, गाडी चालवणार तुम्ही. तिथे तुमचा हात कसा पोचेल?"

"माझा कशाला पोचायला हवा?"

काकू ठिपक्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि उजवं वळण?"

"तेही तूच दे. मी आता नुसतं स्टिअरिंग धरणार."

दुखणाऱ्या खांद्याबद्दल काकूंनी कुणाकडे ब्र काढला नव्हता, लेकीकडेसुद्धा नाही. मग तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. कुणी कशाला सांगायला हवं, काका म्हणाले. दोन महिने तू एका हाताने केस विंचरतेस, आणि वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली आलेत. जन्म घड्याळाचे काटे बघण्यात गेला माझा. तुझा हात अडला, ते मला दिसणार नाही?

"मग बोलला का नाहीत?"

"तू लपवत होतीस. म्हटलं, असू दे." काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. "उद्या डॉक्टरकडे जायचंय. वाटेत दोन डावी वळणं आहेत, मला एकट्याला जमायचं नाही."

काकूंनी पर्स उघडली, रुमाल शोधला, तो सापडला तरी शोधत राहिल्या. इतकं प्रेम गॅरेजमध्ये बघायची इलेक्ट्रिशियनला सवय नव्हती. त्याने घाईघाईने ड्रिल सुरू केलं. ते लाकडात शिरलं तेव्हा काकांनी डोळे गच्च मिटून घेतले.

स्विच बसला. वळण झालं की तो आपोआप बंद होत नाही, हाताने मधे आणावा लागतो, हे त्याने काकूंना सांगितलं. काकूंनी दोनदा करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा तेच काकांना समजावून सांगितलं.

गाडी धडधडत फाटकाशी आली. रस्त्यावर उजवीकडे वळायचं होतं. उजवे दिवे वेळेवर लुकलुकू लागले. आणि त्याबरोबर, जन्माची सवय, काकांचा उजवा हातही खिडकीतून बाहेर आला.

"हात आत घ्या," आतून काकूंचा आवाज आला. "मी आहे ना."