अबरगॅरेगचा कापलेला खेळाडू

"डोकं साहेबांचंच बसवा," प्रकाश टेंबे म्हणाला, "फक्त सुरकुत्या काढा."

आखातात, करामा भागातल्या फोटो स्टुडिओत कमरुद्दीनने फोटो स्क्रीनवर मोठा केला. वेल्समधल्या अबरगॅरेग या खाणकामगारांच्या गावची जुनी रग्बी टीम. चापून बसवलेले केस, चिखलाने माखलेले गुडघे. मागच्या रांगेतल्या एका खेळाडूचा चेहरा मात्र ब्लेडने गोल कापून काढलेला. टेंबेला वाटलं, कुणीतरी लॉकेटात घालायला नेला असेल. आपल्याकडे नेतात ना, तसा! क्लब बंद पडला, सामान ऑनलाइन विकायला निघालं, त्यात याला हा फोटो सापडला. आता त्या रिकाम्या भोकात साहेबांचा चेहरा बसवायचा आणि वाढदिवसाला द्यायचा. अक्कल कुठे चालवायची हे काही लोकांना बरोबर कळतं.

"क्या फिट बैठा है," कमरुद्दीन म्हणाला. "जैसे इसी का हो."

साहेब म्हणजे कंपनीचे जनरल मॅनेजर हिऊ प्रॉसर, मूळचे अबरगॅरेगचे. टेंबेने जन्मात रग्बीचा चेंडू हातात धरला नव्हता. पण त्या क्लबचा इतिहास त्याने घोकून पाठ केला होता. कुठल्या खाणीच्या मजुरांनी तो काढला, कुठल्या चिखलात कुणाला लोळवलं, सगळं. लिफ्टमध्ये साहेब भेटले की सुरू. लोणी लावावं, पण बेताने! हा गृहस्थ डबाच उपडा करायचा.

"बाबा, दॅट्स सो क्रिंज," डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरात फोटो बघून सृष्टी म्हणाली.

"तुझ्याचसाठी चाललंय हे. मी इथून गेलो तर तुझी बारावी कुठे होणार?"

ते मात्र खरं होतं. दोन मॅनेजरांपैकी एकच राहणार होता. दुसऱ्याचा व्हिसा खलास. एक टेंबे, दुसरी वसईची रोझ डाबरे. रोझ अजमानला राहायची आणि कामात टेंबेपेक्षा सरस होती, हे टेंबे सोडून सगळे बोलायचे. या रोझनेच त्याला विश्वासाने सांगितलं होतं, "तुझी मुलगी बारावीत आहे, प्रकाश. मी तिकडे रुवैसला दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू देऊन बघते. जमलं तर तुझा प्रश्नच मिटेल."

रुवैसला तिचं जमलं नाही. इकडे ते कळलं त्याच दिवशी टेंबे साहेबांच्या केबिनमध्ये. "सर, सांगायला वाईट वाटतं, पण रोझ बाहेर नोकरी शोधतेय. लॉयल्टी म्हणून काही असते की नाही?"

साहेबांचा चेहरा कडक झाला. टेंबे तिथेच समजला, काम झालं. तरी फोटो हवाच. काम झाल्यावरही शेपूट हलवत राहणारी जात असते.

वाढदिवसाला सगळा स्टाफ पॅन्ट्रीत जमला. केक कापला आणि टेंबेने फ्रेमवरचा कागद टर्रकन फाडला. "सर, अबरगॅरेगची टीम तुमच्याशिवाय अधुरी होती!"

साहेबांनी फ्रेम हातात घेतली. बघतच राहिले.

"हा मी नाही," ते म्हणाले. "हे माझे वडील आहेत."

साहेबच सांगू लागले. तेव्हा वेल्सच्या रग्बीत खेळायचे पैसे घेणं म्हणजे पाप होतं. उत्तरेकडे इंग्लंडमध्ये दुसऱ्या प्रकारची रग्बी होती, तिथे पैसे मिळायचे. घरात खायला तोंडं फार, म्हणून वडील तिकडे गेले. अबरगॅरेगने त्यांना कायमचं वाळीत टाकलं. क्लबच्या भिंतीवर हाच फोटो होता. सगळ्यांसमोर त्यांचा चेहरा त्यातून कापला. पुढे गावी परतल्यावर ते मॅचच्या दिवशी मैदानाच्या भिंतीबाहेर उभे राहून नुसता आरडाओरडा ऐकायचे. आत पाऊल ठेवायची बंदी होती.

"प्रकाश," साहेबांचे डोळे भरले होते, "तुला हे माहीत होतं?"

खरं बोलायची संधी माणसाला मिळते. टेंबेला मिळाली. त्याने साहेबांच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि मनातल्या मनात जागा पक्की केली.

"सगळं माहीत होतं, सर. म्हणून तर आणला."

साहेबांनी त्याला घट्ट मिठी मारली. मग त्याच्या खांद्यावरचा हात न काढता ते स्टाफकडे वळले.

"मी रोझला काढायचं ठरवलं होतं. ती दुसरीकडे नोकरी बघायला गेली, याचा मला राग आला होता. ते मला प्रकाशनेच सांगितलं."

रोझने टेंबेकडे पाहिलं. तो केककडे बघू लागला.

"पण नंतर याचं मन याला खात असणार," साहेब म्हणाले. "तोंडाने बोलवेना, म्हणून हा फोटो घेऊन आला. 'सर, तुमच्या वडिलांना गावाने जे केलं, ते तुम्ही रोझला करू नका,' हेच सांगायला. स्वतःची खुर्ची जाणार हे माहीत असून! असा माणूस मी पाहिला नाही. प्रकाश, तुझं म्हणणं मला पोचलं. रोझ राहील. तुझी जागा तू तिला दिलीस, हे मी कधी विसरणार नाही."

साहेबांचं बोलणं संपलं, आणि सवयीने पहिली टाळी टेंबेनेच वाजवली.