मोहरीचं पाणी

पोलंडमधल्या बिएश्चादीच्या डोंगरात, बीच वृक्षांच्या जंगलात, माणसाचा हात न लागलेलं जुनं जंगल शोधणारी बोग्ना मोहरीचं पाणी जमिनीवर ओतून वर येणारी गांडुळं तपासत होती. तिथल्या आंबट मातीत ती नावालाच मिळत. या झऱ्याखाली मात्र वळवळता ढीग वर आला.

"इथं कधीकाळी शेण पडायचं. जुनं जंगल नव्हेच हे," ती वैतागली. "सकाळ फुकट गेली."

पारास्काआजी काठी टेकून बघत होती. तिच्या लहानपणी सैनिकांनी इथलं तिचं अख्खं गाव उठवलं होतं. आज तिला झरा सापडला होता, पण घराचा मागमूस नव्हता.

"झऱ्याखाली, घराला लागूनच आमचा गोठा होता," ती म्हणाली. "शेणात काय बसलीस, पोरी. ऊठ, घरात चल."