गुलाबाईचे डोळे

“तुझ्या आबाले आते नीट दिसत नही,” धरणगावची कमलकाकू म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. आबा, माझे वडील, दरवर्षी मुलींच्या गुलाबाईच्या सणाला नातीसाठी तिची बोटभर मातीची मूर्ती रंगवून जळगावला पाठवतात. लुगड्यावर मॅट व्हार्निश, आणि डोळ्यांत चमक यावी म्हणून टाचणीने चकचकीत ग्लॉस व्हार्निशचा एकेक थेंब. लहानपणी तो थेंब पडेपर्यंत मी त्यांच्या गुडघ्याला टेकून श्वास रोखायचे. काल यंदाची गुलाबाई आली. रंग जागच्या जागी, पण पारदर्शक थेंब गालांवर वाळलेले. लेक म्हणाली, “आई, ही रडतेय.” लगेच फोन लावला. “बठ्ठं बरं शे, बेटा,” सगळं ठीक असल्याचं आबा म्हणाले. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. माझं तान्हं तापलंय, आठवडाभर निघता येणार नाही. धरणगावला कोणी जाणार असाल तर आबांकडे डोकावा. तब्येत विचारू नका. चहा मागा, आणि ते गॅस पेटवतील तेव्हा जवळ उभे राहा.