पुढचं डावं चाक

पुढचं डावं चाक पुन्हा काळं झालं होतं. बाकीची तीन दुधासारखी पांढरी आणि हे एकटं तोंड काळं करून आलेलं. जयसिंगनं फियाटचं दार लावलं आणि तो बाजूला उभा राहिला.

मालक यशवंतराव चाकापाशी उकिडवे बसले. त्यांनी चाकावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि उठले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर जयसिंगला बरं वाटलं असतं.

भोसरीच्या त्या लहानशा कारखान्यात मोटारींच्या ब्रेकचं लायनिंग बनत असे. ब्रेक दाबला की लायनिंग झिजतं आणि त्याची काळी भुकटी चाकावर बसते, हे जगातल्या सगळ्याच गाड्यांचं. यशवंतरावांनी मात्र डोक्याचा भुगा करून एक नवं मिश्रण जमवलं होतं, ज्याची भुकटी जवळजवळ पडत नव्हती. एका मोठ्या कंपनीनं ते घ्यायची तयारी दाखवली होती, पण आधी गाडीवर चालवून दाखवा म्हणाली. दाखवता आलं नाही तर कारखान्याला टाळं. जुनी कामं केव्हाच हातची गेली होती.

म्हणून मालकांनी ते लायनिंग स्वतःच्या गाडीला बसवलं, चाकं पांढरीशुभ्र रंगवली आणि गाडी जयसिंगच्या हवाली केली. सकाळी खंडाळ्याचा घाट उतरून-चढून यायचं, जेवायचं आणि दुपारी पुन्हा तीच फेरी. चाकाला फडकं लावायचं नाही, अशी सक्त ताकीद. संध्याकाळी मालकांनी पाहिलं की मगच चाकं धुवायची.

जयसिंग दिघीचा. शेती सुटली आणि ही नोकरी लागली, तेव्हा त्याच्या घरात साखर वाटली होती. आता त्याला गाडीत बसायचीच भीती वाटू लागली होती.

गंमत म्हणा की दुर्दैव, सकाळच्या फेरीत चारही चाकं स्वच्छ राहत. दुपारी फाटकाजवळच्या लिंबाखाली गाडी लागली की कामगारांचं कोंडाळं जमे. कुणी वाकून बघे, कुणी मान डोलवी, कुणी म्हणे, राव, यात तर तोंड दिसतंय. तोवर जयसिंगची बायको गोजाबाई भाकरी घेऊन आलेली असे. भोंगा झाला की माणसं आत पळत, जयसिंग नळावर हातपाय धुवायला जाई आणि गोजाबाई गाडीच्या उजव्या अंगाला सावलीत फडकं अंथरून वाढायला घेई.

एवढी माणसं रोज काय बघतात, असं तिनं एकदा विचारलं होतं. जयसिंगनं सांगितलं, साऱ्या कारखान्याची भाकरी या चार चाकांवर आहे. त्यावर तिनं सोमवार धरला.

दुपारच्या फेरीहून परतलं की डावं चाक काळं. तेही कोरडं नाही, चिकट.

मेस्त्री रंगरावांनी ते चाक किती वेळा खोललं याला गणती नाही. ब्रेकचं तेल गळतंय म्हणावं, तर आत सगळं कोरडं ठणठणीत. सील बदललं. उजवीकडचं लायनिंग डावीकडे घातलं, डावीकडचं उजवीकडे. काळं व्हायचं ते डावंच झालं. शेवटी रंगराव म्हणाले, दुपारच्या उन्हात मिश्रण वितळत असावं. मग तसं उजवीकडे का होत नाही, असं मालकांनी विचारलं. रंगरावांनी जयसिंगकडे पाहिलं. आपल्याच पायात काही खोट आहे असं त्याला वाटू लागलं. तो घाटात ब्रेकवर पाय ठेवायला कचरू लागला. एकदा तर समोरून आलेला ट्रक हातभर अंतरावरून गेला, तरी तो त्यापेक्षा चाकालाच जास्त भ्याला.

कंपनीचा माणूस यायचा होता त्या दिवशी सगळा कारखाना देव पाण्यात घालून बसला होता. सकाळी चाकं स्वच्छ. दुपारी लिंबाखाली आजवर जमली नव्हती एवढी गर्दी जमली. मग जयसिंगनं घाटात गाडी अशी चालवली, की पोटातलं पाणी हलू नये.

परतला तेव्हा डावं चाक कधी नव्हे इतकं काळं होतं.

पाहुण्यानं त्यावरून बोट फिरवलं, रुमालाला पुसलं आणि पुढे कधीतरी बघू म्हणून तो निघून गेला. चहालाही थांबला नाही. यशवंतरावांनी मिश्रणाची पिंपं मागच्या खड्ड्यात ओतायला लावली.

"माझ्याच मिश्रणात खोट होती," ते रंगरावांना म्हणाले. "सोमवारपासून कुणी येऊ नका."

खड्डा बुजवायला जयसिंगनंही फावडं धरलं. मोठी माणसं रडत होती आणि कोणी कोणाला थांबवत नव्हतं.

घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. गोजाबाईनं न विचारताच ओळखलं. पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवून ती खाली बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

"कारखाना गेला," तो म्हणाला. "काय चुकलं तेच कुणाला कळलं न्हाई."

"माणसांची नजर लई वंगाळ," ती हुंदके देत म्हणाली. "तुमी हसाल म्हणून बोलले न्हाई. तुमी नळावर गेला की तव्याची काजळी तेलात कालवून रोज त्या चाकाला तीट लावत व्हते मी. आज तर गर्दी बघून चांगली तळहातभर लावली, तरी बी मेली लागलीच."