बिल शेठच्या पुढ्यात

वेटरने बिलाची बशी कोणाला न विचारता शेठच्या पुढ्यात आणून ठेवली.

शेठ म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या टोळीतला सगळ्यात तरबेज मेकॅनिक. हे नाव त्याला पडलं ते याच टेबलावर. बिल आलं की बाकीचे खिशाकडे हात नेतात न नेतात तोच याचा हात बशीवर पडलेला असायचा. गेली तीन वर्षं मात्र तो इकडे फिरकला नव्हता. ‘डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलंय’ असं सांगून तो गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये एकटा डबा खात बसायचा. वेल्डरने त्याला तीन तऱ्हेच्या गोळ्या सुचवल्या. वायरमनच्या बायकोने तर घरी उकळलेलं औषध बाटली भरून पाठवलं, आणि शेठने तेही निमूटपणे घशाखाली घातलं.

आज हॉस्पिटलची मोठी लिफ्ट आठ दिवसांच्या झटापटीनंतर हलली, तेव्हा टोळीने त्याचं काही ऐकलं नाही, दंडाला धरूनच आणलं. त्याने ऑम्लेट मागवलं आणि प्लेट चाटूनपुसून साफ केली. तिथेच घोळ झाला.

“शेठचं पोट बरं झालं!” वेल्डर ओरडला. “आता पार्टी! मागवा रे, हात आखडता घेऊ नका.”

कोणी घेतलाही नाही. मासे आले, चिकन आलं, वायरमनने घरी न्यायला अख्खा केक बांधून घेतला. शेठ वरवर हसत होता आणि मनात बेरीज करत होता. त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात एक लिफाफा होता, त्यात पतपेढीचा शेवटचा हप्ता. पाचच्या आत भरायचा होता. बायको तिथे दाराशी येऊन थांबणार होती. दोन टीव्ही, भाच्याची मोटारसायकल, घरात कोणालाच नको असलेला सोफा आणि या टेबलावरची जेवणं फेडता फेडता दोघांच्या नाकीनऊ आले होते. आता एकच हप्ता उरला होता. लिफाफा इथे उघडला तर हप्ता चुकणार, वर दंड बसणार. आणि एकदा हात सैल सुटला की आपला आपल्याला आवरत नाही, हे तो स्वतःच पुरतं ओळखून होता.

तरी हात निघालाच बशीकडे. सवयच तशी.

“थांब!” शेठ म्हणाला.

म्हणाला स्वतःलाच, पण आवाज कामावरचा निघाला. लिफ्टच्या कामात एकाने ‘थांब’ म्हटलं की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं; का, ते मागाहून विचारायचं. वेल्डरचा घास हातात राहिला. वायरमनची केकच्या खोक्याला मारलेली गाठ अर्धवट राहिली. टोळीतले सगळ्यात म्हातारे तेलवाले काका, ज्यांचा निम्मा जन्म लिफ्टच्या चाकांना तेल घालण्यात गेला होता, त्यांनी कप खाली ठेवला.

“काय झालं, शेठ?”

“माझं ऑम्लेट आणि कॉफी. एकशे साठ.” शेठने वेगळ्या ठेवलेल्या नोटा मोजून बशीत टाकल्या आणि बशी टेबलाच्या मधोमध सरकवली. “बाकीचं तुमचं तुम्ही बघा.”

वेल्डर हसला. मग त्याने शेठचा चेहरा बघितला. “परत दुखायला लागलं का पोटात?”

“पोटाला कधी काही झालंच नव्हतं. गळ्यापर्यंत कर्ज होतं. तुमच्यासमोर नाही म्हणायची लाज वाटायची, म्हणून बिचाऱ्या पोटाचं नाव पुढे केलं.” बोलताना शेठचे कान तापले होते, पण आवाज जराही हलला नाही. “शेवटचा हप्ता आज भरतोय. उद्यापासून रोज येईन तुमच्याबरोबर. आपापलं खाऊ.”

वेल्डरने हातातला घास ताटात ठेवला.

“आणि माझ्या बायकोने पाठवलेलं औषध?” वायरमनने विचारलं.

“प्यालो. दोन दिवस झोप नव्हती.”

आधी वायरमनलाच हसू फुटलं, मग सगळेच हसले. वेल्डर हसता हसता खिसे चाचपू लागला, सगळे चाचपून झाल्यावर त्याने हळूच वेटरला विचारलं, “बांधलेला केक परत घेता का हो?”

“केकला हात लावायचा नाही,” वायरमन म्हणाला. “त्याचे मी देतो. तू तुझ्या माशांचं बघ.”

शेठचा फोन वाजला. बायको होती.

“निघालास का?”

“निघतोच आहे.”

“आणि पैसे?” तिचा आवाज जपून आला. हा प्रश्न तिने त्याला आजवर अनेकदा विचारला होता आणि उत्तर ऐकून अनेकदा फोन ठेवून दिला होता.

“आहेत. सगळे आहेत.”

या वेळी तिने फोन ठेवून दिला नाही. शेठला एकदम हलकं वाटलं. “पोचतो दहा मिनिटांत,” तो म्हणाला आणि खुर्ची मागे सारून उठला.

तेवढ्यात तेलवाल्या काकांनी वेटरला हाक मारली. “मला एक आइस्क्रीम आण. मोठं.”

शेठ उभ्या जागी वळला. “काका, तुम्हाला आइस्क्रीम आवडतं?”

“लहानपणापासून.”

“मग मी रोज यायचो तेव्हा कधी मागवलं नाहीत ते?”

काकांनी खिशातून एक चुरगळलेली नोट काढली, टेबलावर तळहाताने सरळ केली आणि बशीत ठेवली.

“बिल तू भरायचास ना,” ते म्हणाले.