पिसांची माशी

दृष्टी गेल्यावर आईने बोटांच्या अंदाजाने गळावर पिसं बांधून माशी केली होती. “हिला आज ट्राउट मासा भुलला नाही, तर पिसांचा डबा चुलीत घाल,” काठावरून तिने बजावलं. माशा बांधणं सुटलं की आई जगणंही सोडेल, हे नोरीनला ठाऊक होतं. मॉन्टानातली नदी आटून काचेसारखी नितळ झालेली. उन्हाने पाणी तापतं म्हणून दुपारी दोननंतर मासेमारीला बंदी. पाचच मिनिटं उरली होती. माशी तुटून हरवू नये म्हणून नोरीनने जाड दोरा लावला होता. ट्राउट तो दोरा बघून वळायचे. “जाड लावलास ना? मासे काय माझ्यासारखे आंधळे आहेत?” नोरीनने बारीक बांधला. ट्राउट वर आला, हुंगून परत गेला. नोरीनने पाण्यावर थाप मारली, दोरा दातांनी तोडला. “घेतली गं आई! तोडून पळाला!” आई हसली. “डबा आण, दुसरी बांधते.” नोरीनच्या मुठीत माशी रुतत होती.